थेंब पोचतो कुठवर

धडधाकट कान कितीही पिळा, कळ पाळीपुरतीच राहते. शाळेत कान उपटून घेतलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. आतल्या नळीला सूज असली की मात्र पाळी नुसती मागे ओढली तरी माणूस खुर्चीतून उठतो. कानाच्या छिद्राच्या पुढ्यात, गालाकडच्या बाजूला कूर्चेचा एक छोटा उंचवटा असतो. डॉक्टर त्याला ट्रॅगस म्हणतात. त्याच्यावर बोटाच्या टोकानं हलकं दाबलं तरी डोळ्यांत टचकन पाणी येतं. कानाच्या डॉक्टरांचं बोट दुर्बिणीच्याही आधी तिथं जातं, कारण निम्मं निदान तिथंच होऊन जातं. घास चावताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही, कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू जरा कमी येतं. हा बाह्यकर्णाचा संसर्ग, म्हणजे छिद्रापासून पडद्यापर्यंतच्या नळीच्या कातडीचा.

हे दाबून बघणं घरीही जमतं, आणि जमवावं. कारण 'कान दुखतोय' एवढ्या दोन शब्दांत दोन अगदी वेगळी दुखणी लपलेली असतात. चार दिवस सर्दी झालेलं पोर रात्री दोन वाजता कान धरून रडत उठतं, तेव्हा दुखणं बहुतेक पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानात असतं. त्याची पाळी ओढली तरी त्याचं रडणं वाढत नाही. पडदा शाबूत असेल तर कानात टाकलेला अँटिबायोटिकचा थेंब पलीकडे जात नाही. घरातल्या कपाटातून गेल्या वर्षीची बाटली शोधून चार थेंब टाकले, तर आईबापांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, पोराला मिळत नाही. त्याला त्या रात्री वजनाच्या हिशेबानं दिलेलं पॅरासिटामॉल हवं आणि सकाळी डॉक्टर.

कान वाहायला लागला तरी फरक कळतो. मधल्या कानातला पू पडदा फोडून बाहेर आला की ठणका एकदम उतरतो, कारण आतला दाब मोकळा होतो. नळीच्या संसर्गात कान वाहिला तरी दुखणं तसंच राहतं. दुसरी खूण त्याहून नेमकी. नळीच्या कातडीत शेंबडासारखा चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथीच नसतात. म्हणून कापसाला लागलेल्या स्रावाला पाकाची सुटते तशी तार सुटत असेल, तर तो मधल्या कानातून आलाय आणि पडद्याला भोक आहे, असं धरून चालावं. मग थेंब कोणते, हा प्रश्न वेगळ्या वळणावर जातो. त्याकडे पुढे येऊच.

आधी नळी. मोठ्या माणसात ती जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, सरळ नाही, किंचित नागमोडी. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. तिथली कातडी जाडसर, केसाळ, ग्रंथी असलेली. आतला दोन तृतीयांश हाडाचा. तिथली कातडी कागदासारखी पातळ, खाली चरबीचा थर नाही, जवळजवळ थेट हाडाच्या आवरणाला चिकटलेली. सूज आली की तिला पसरायला जागा नसते. एवढ्याशा जागेतलं दुखणं इतकं जीवघेणं का, याचं उत्तर हेच. नखाच्या कडेला पू झाला की बोट ठणकतं, तोच प्रकार इथं नळीभर.

या कातडीला निसर्गानं एक लेप दिलाय. किंचित आम्लधर्मी, तेलकट, पाणी न धरणारा, जंतूंना न मानवणारा. आपण त्याला 'मळ' म्हणतो आणि तिथंच घोटाळा होतो. एकदा मळ म्हटलं की तो काढणं आलं. इंग्रजीत निदान मेण तरी म्हणतात. हा लेप नळीच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातच तयार होतो, आणि आतून बाहेर सरकत राहणारी कातडी त्याला पायघडीसारखी तोंडाशी आणून सोडते. कानाची कातडी पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेनं, साधारण नखं वाढतात त्या वेगानं सरकत असते. शरीरात दुसरीकडे कुठं कातडी अशी आडवी चालत नाही. कानकोरणं, आकडा, स्कूटरची किल्ली, काडेपेटीतली काडी, कापसाची बड, यातलं काहीही आत घातलं की या सरकत्या पट्ट्याच्या उलट दिशेनं ढकलणं होतं. लेप खरवडला जातो, मागं एक ओरखडा राहतो, आणि त्यानंतर पाणी येतं.

मे महिन्यात विहिरीवर पोहायला शिकणारी पोरं, पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारी कोकणातली हवा, दिवसभर कानात इअरफोनची बोंडं घालून मीटिंगा करणारी मंडळी, श्रवणयंत्र लावणारे आजोबा. कारणं वेगवेगळी, आत घडतं ते एकच. ओलाव्यानं कातडीचा वरचा थर भिजलेल्या पापडासारखा फुगतो, लेप धुपतो, आम्लता जाते. अशी जागा स्यूडोमोनास एरुजिनोजा या जंतूला फार मानवते. तो मुळात पाण्यातला गडी, नळात, टाकीत, तरणतलावात सगळीकडे असतो. त्याच्या जोडीला स्टॅफिलोकोकस ऑरियस, जो आपल्याच कातडीवर राहतो. बाह्यकर्णाच्या बहुतेक जिवाणू-संसर्गांत हे दोघं, कधी एकेकटे, कधी मिळून. दमट मुलखाशी या दुखण्याचं नातं इतकं घट्ट की 'सिंगापूर इअर' असंही एक नाव त्याला पडलं. मुंबईच्या नावानं पडलं असतं तरी खोटं ठरलं नसतं.

स्यूडोमोनासचं नाव घ्यायचं कारण म्हणजे गोळ्या. कान दुखला की अनेक घरांत आधी अमॉक्सिसिलिन सुरू होतं, कारण ते घशाला चाललं होतं, पोराच्या मधल्या कानाला चाललं होतं. स्यूडोमोनासला अमॉक्सिसिलिन निसर्गतःच लागू पडत नाही. त्यात क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घालून महाग केलेलंही नाही. चार दिवस गोळ्या, जुलाब, आणि कान जसाच्या तसा.

थेंबांची ताकद साध्या हिशेबात दिसते. सिप्रोफ्लॉक्सासिनचे कानाचे थेंब आपल्याकडे बहुतेक 0.3 टक्क्याचे मिळतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 3 मिलिग्रॅम, म्हणजेच 3000 मायक्रोग्रॅम औषध. याच औषधाची 500 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रक्तातली पातळी जास्तीत जास्त मिलिलिटरला अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते. कातडीच्या पृष्ठभागावर हजारपटीचा फरक! म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला न जुमानणारा, असं लिहून आलेला जंतूही थेंबांनी मरू शकतो. तो शेरा रक्तातल्या पातळीच्या मापानं दिलेला असतो, थेंबातल्या नव्हे. रिपोर्ट वाचून घाबरलेल्या रुग्णाला हे कुणी समजावून सांगत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2006 साली काढलेल्या आणि 2014 साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना याच पायावर उभ्या आहेत. संसर्ग नळीपुरता असेल आणि माणूस एरवी ठीक असेल, तर आधी थेंब. पोटातून अँटिबायोटिक नको.

पण हजारपट औषध बाटलीत आहे. ते कातडीला लागलं तर हजारपट. पुवाच्या थरावर लागलं तर शून्य. बाह्यकर्णाच्या उपचारात थेंब कोणता हा प्रश्न दुय्यम आहे, असं म्हणायला माझी हरकत नाही. निरनिराळ्या थेंबांच्या गुणात तसा फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पोचण्यात. आत पांढुरका पू, सोललेल्या कातडीचे पापुद्रे आणि ओला मळ यांचा लगदा बसलेला असताना वरून थेंब सोडणं म्हणजे पोपडे न खरवडता भिंतीला रंग देणं. म्हणून पहिलं काम सफाईचं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीनं लगदा ओढून घेतात, किंवा सळईला कापूस गुंडाळून कोरडं पुसून काढतात. सुजलेल्या कानात पिचकारीनं पाणी मारणं टाळतात, मधुमेही माणसाच्या बाबतीत तर नक्कीच. तिथं ते पाणीच पुढच्या मोठ्या दुखण्याची सुरुवात ठरू शकतं.

कधी सूज इतकी असते की नळीचं तोंड मिटून सुईच्या नेढ्याएवढं उरतं. तिथं थेंब बाहेरच तळं करून बसतो. अशा वेळी वात घालतात. एक प्रकार दाबून चपट्या केलेल्या स्पंजाचा. आत सरकवून वर थेंब टाकले की तो फुगतो आणि औषध शोषून आतल्या भिंतीला लावत राहतो. दुसरा जुना, आपल्याकडे अजून भरपूर चालणारा, इक्थॅमॉल-ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या पट्टीचा. डांबरासारखा काळा रंग आणि वासही साधारण त्याच घराण्यातला. ग्लिसरीन सुजलेल्या कातडीतलं पाणी ओढून घेतं. पट्टी भरताना रुग्ण ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी दार ढकलून आत येतो तो हसत. वात एक-दोन दिवसांनी काढतात किंवा बदलतात. ती स्वतःहून गळून पडली तर घाबरायचं काही नाही, सूज ओसरल्याची ती खूण आहे.

आता बाटली. पाच किंवा दहा मिलिलिटरची, मऊ प्लॅस्टिकची. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांचं टोक बंद येतं, आणि भोक पाडायचा टोकदार खिळा टोपणाच्या आतच असतो. टोपण घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं शेवटपर्यंत घट्ट आवळलं की खिळा टोकाला नेमकं बारीक भोक पाडतो. लोक काय करतात, तर टोक ब्लेडनं कापतात, नाहीतर गॅसवर टाचणी तापवून भोसकतात. मग भोक मोठं होतं, थेंब दुप्पट पडतो, बाटली तिसऱ्या दिवशी संपते, आणि प्लॅस्टिकचा कपचा कानात जाऊ शकतो तो वेगळाच. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर हा हिशेब त्या बारीक भोकाचा आहे. त्यानं बघितलं तर पाच मिलिलिटरमध्ये शंभर थेंब. चार थेंब दोनदा, सात दिवस, म्हणजे छप्पन्न. एका कानाला पुरून उरते.

औषध दुधट दिसत असेल तर ते निलंबन (सस्पेन्शन) आहे, त्यातलं औषध खाली बसतं. प्रत्येक वेळी नीट हलवून घ्यायचं. नाहीतर पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दिवस गाळ. पाण्यासारखं स्वच्छ असेल तर हलवायची गरज नाही.

मग बाटली मुठीत धरून दोन-तीन मिनिटं बसायचं. हे आजीबाईचं लाडकोड नाही. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतली एक कर्णनळीच्या अगदी जवळून जाते. गार द्रव आत गेला की तिच्यातलं पाणी थंड होऊन हलतं आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. खोली गरगरते, उलटी होते, आणि रुग्ण 'हे औषध मला सोसत नाही' म्हणून बाटली टाकून देतो. व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्यानं धुवायचे. पाणी गार असलं की एका बाजूची चक्कर, गरम असलं की उलट बाजूची, हे त्यांनी हेरलं आणि त्यातून तोलाच्या इंद्रियाची तपासणी उभी केली. 1914 सालचं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. नोबेल मिळवणारी ही करामत फ्रिजमधून काढलेली बाटली रोज घरोघरी करून दाखवते. अंगाइतकी कोमट पुरे. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली बुडवली तर उलटा चटका.

थेंब दुसऱ्यानं टाकावेत. स्वतःच्या कानाचं छिद्र स्वतःला दिसत नाही. आरशासमोर उभं राहून मान तिरकी करून टाकलेले निम्मे थेंब गळ्यावर ओघळतात. दुखरा कान वर करून कुशीवर झोपायचं. मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढली की नागमोडी नळी सरळ होते. तीनेक वर्षांच्या आतल्या पोराची खाली आणि मागे, कारण त्याच्या नळीचा कल वेगळा असतो. ओढताना दुखणारच, हळूच ओढा. टोक कानाला किंवा बोटाला लागू द्यायचं नाही, नाहीतर आजचा जंतू उद्याच्या थेंबात मुक्कामाला येतो.

थेंब छिद्राच्या मधोमध नेम धरून टाकू नका. नळी एका टोकाला बंद आहे. मधोमध पडलेला थेंब तोंडाशी बूच बसवतो, खालची हवा अडकते, औषध वरच तरंगत राहतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत घाईनं तेल ओतताना होतं तेच. थेंब नळीच्या भिंतीला लावून घरंगळू द्यायचा, म्हणजे हवा शेजारून वर येते. मग तो ट्रॅगस चार-पाचदा आत दाबून सोडायचा, पंप मारल्यासारखा. नीट जमलं तर आतून बुडबुड असा आवाज रुग्णाला ऐकू येतो. हाच तो पोचल्याचा पुरावा. त्यानंतर तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. घड्याळ लावून, कारण दुखणाऱ्या माणसाचं एक मिनिट फार लवकर संपतं. उठल्यावर ओघळलेलं पुसायचं, पण कापसाचा बोळा ठासायचा नाही. तो औषध पिऊन घेतो आणि कान पुन्हा दमट ठेवतो.

किती थेंब आणि किती वेळा, हे औषधावर. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन यांचं मिश्रण चार थेंब, दिवसातून दोनदा, सात दिवस. नुसतं ऑफ्लॉक्सासिन मोठ्यांना दहा थेंब दिवसातून एकदाच, तेवढेच दिवस. निओमायसिन, पॉलिमिक्सिन-बी आणि हायड्रोकॉर्टिसोनचं जुनं त्रिकूट चार थेंब, दिवसातून तीन-चार वेळा. यातली डेक्सामेथासोन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइडं. तो शब्द ऐकून दचकू नये. इथं त्यांचं काम सूज उतरवणं आहे, आणि सूज उतरली की पोचायचा रस्ता मोकळा होतो. आपल्याकडे एकाच बाटलीत क्लोरॅम्फेनिकॉल, क्लोट्रिमाझोल, बेक्लोमेथासोन आणि लिग्नोकेन अशी चौकडी घातलेले थेंबही घरोघरी असतात. जिवाणू, बुरशी, सूज, दुखणं, चौघांना चार बंदुका. निदान न करता औषध द्यायचं असेल तर सोयीचं आहे खरं. पण क्लोरॅम्फेनिकॉल स्यूडोमोनासपुढे दुबळं पडतं, आणि लिग्नोकेननं बधिर झालेला कान बरा होतोय की नुसता गप्प बसलाय, हे कळत नाही. मला ती बाटली आवडत नाही.

बाटलीवर 'आय/इअर' असं दोन्ही लिहिलेलं असतं त्याबद्दल एक गोष्ट. डोळ्याचे थेंब कानात चालतात, कानाचे डोळ्यात कधीही नाही. नुसत्या कानासाठी बनवलेल्या औषधाची आम्लता आणि त्यातली द्रावकं डोळ्याला झेपत नाहीत.

दुखणं पहिल्या दिवशी थांबत नाही. थेंबांबरोबर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन वेळेवर घ्यावं, 'सहन होतंय' म्हणत बसू नये. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत मात्र उतार स्पष्ट दिसायला हवा. रात्री झोप लागली, घास चावता आला, तर गाडी रुळावर आहे. बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. तीन दिवसांनीही तसंच असेल तर थेंब बदलून मागण्याआधी थेंब पोचत होते का, ते बघायला हवं. लगदा पुन्हा साचलाय का, सूज वाढून तोंड मिटलंय का, टाकायची रीत चुकतेय का. बहुतेक वेळा घोडं इथंच पेंड खातं.

उरलेल्यांत तीन गोष्टी वारंवार निघतात. एक, बाहेरच्या केसाळ भागात केसाच्या मुळाशी झालेला फोड. तो कातडीच्या आत असतो, वरून घरंगळणारा थेंब त्याच्यात शिरत नाही. त्याला शेक, कधी चीर, कधी पोटातून औषध. दोन, निओमायसिनची अ‍ॅलर्जी. ही बऱ्याच जणांना असते आणि ती ओळखायची खूण मजेशीर आहे. पहिले तीन-चार दिवस बरं वाटतं, मग दुखण्याऐवजी खाज सुरू होते, आणि थेंब जिथं जिथं ओघळला तिथं पाळीवर, मानेवर लाल पट्टा उमटतो. संसर्ग पसरला म्हणून रुग्ण थेंब वाढवतो आणि पट्टाही वाढतो.

तिसरी गोष्ट बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती फार. कधी पहिल्यापासूनच असते, कधी अँटिबायोटिकचे थेंब महिना-महिना चालवल्यावर जिवाणू मेलेल्या मोकळ्या जागेत येते. दुखण्यापेक्षा खाज जास्त, दडा बसल्याची तक्रार जास्त. दुर्बिणीतून बघितलं तर आत भिजलेल्या वर्तमानपत्राचा लगदा दिसतो, पांढुरका, त्यावर काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीच्या बीजाणूंची बोंडं. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी धरते त्याच्या नात्यातलीच. हिच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन टाकणं म्हणजे तिला घरचं जेवण वाढणं. लगदा पूर्ण काढून एक टक्का क्लोट्रिमाझोलचे थेंब, आणि तेही खाज थांबल्यावर लगेच न थांबवता, दोन आठवड्यांपर्यंत. मध्येच सोडले की भिंतीच्या सांदीत राहिलेले बीजाणू पुन्हा उगवतात.

आता ते भोकाचं. पडद्याला भोक असेल, किंवा पोराच्या पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवलेली असेल, तर थेंब मधल्या कानात उतरतो आणि तिथून आतल्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ शकतो. निओमायसिन आणि जेन्टामायसिन ऐकण्याच्या आणि तोलाच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात, आणि त्या पेशी परत येत नाहीत. अशा कानाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनच बरं. भोक असल्याचं कधीकधी रुग्णालाच आधी कळतं. थेंब टाकल्यावर दोन मिनिटांत घशात कडू चव येते, किंवा नाक शिंकरताना कानातून शिट्टीसारखी हवा जाते. ही चव आली तर ती डॉक्टरांना सांगायची.

घाई करायची मुख्य जागा ही. वय साठीच्या पुढे, मधुमेह, आणि कान रात्री झोपेतून उठवण्याइतका ठणकतोय, थेंब टाकून आठवडा झाला तरी. बाहेरून कान फारसा वाईट दिसत नाही, दुखणं मात्र दिसण्याच्या मानानं कितीतरी जास्त. नळीत, कूर्चा संपून हाड सुरू होतं त्या सांध्यावर लाल मांसाची गाठ उगवलेली असते. स्यूडोमोनास कातडी सोडून कवटीच्या तळाच्या हाडात उतरलाय, असा याचा अर्थ. 1968 साली अमेरिकेतले डॉक्टर चँडलर यांनी याला 'मॅलिग्नंट' हा शब्द लावला. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच्यासारखा खात जातो म्हणून. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, डोळा मिटेना, तर जंतू चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेलाय. इथं थेंबांवर भागत नाही. सहा आठवडे आणि त्याहून जास्त काळ शिरेतून आणि पोटातून औषधं, आणि साखर ताब्यात. 'बाबांचा कान दुखतोय, मेडिकलमधून थेंब आणले' हे वाक्य म्हणून मधुमेह असलेल्या घरात धोक्याचं आहे.

लसूण कढवलेल्या तेलाबद्दल विचारल्याशिवाय हा विषय संपत नाही. कोरड्या, खाजऱ्या, शाबूत पडद्याच्या कानात कोमट तेलाचा थेंब कधी बरा वाटतो, हे नाकारत नाही. सुजलेल्या ओल्या नळीत मात्र तेल पुवाला झाकण घालतं, नंतर टाकलेल्या पाणीदार थेंबाला कातडीपर्यंत जाऊ देत नाही, आणि बुरशीला आयतं अंथरूण मिळतं. कढईतून थेट आणलं तर पडदा भाजतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो, पण फेसानं ढिला झालेला लगदा बाहेर काढला नाही तर तो तिथंच भिजत पडतो.

थेंब चालू असेपर्यंत कान कोरडा ठेवायचा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन चोळलेला कापूस कानाच्या खोलगट भागात बसवावा, आत ठासू नये, आणि अंघोळ झाली की काढून टाकावा. पोहणं आठ-दहा दिवस बंद. कानातली बोंडं आणि श्रवणयंत्र बंद, आणि परत लावण्याआधी त्यांचे साचे पुसून घ्यायचे. वारंवार त्रास होणाऱ्या पोहणाऱ्यानं बाहेर आल्यावर डोकं तिरकं करून पाणी झटकावं, हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून हातभर अंतरावरून मिनिटभर धरावा. दोन टक्के अ‍ॅसिटिक आम्लाचे थेंब पोहून झाल्यावर टाकले तर गेलेली आम्लता परत येते आणि स्यूडोमोनासला ती सोसत नाही. हे मात्र शाबूत पडद्याच्या, न दुखणाऱ्या कानात. सुजलेल्या कानात टाकलं तर आग होते, तीही साधीसुधी नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणं जातं आणि खाज येते. नळीच्या भिंतीची भिजलेली कातडी वाळून पापुद्र्यानं सुटत असते, त्याची ही खाज. बोट आपोआप कानाकडे जातं, बोटाला आकडा सापडतो. दुखणं उलटतं ते बहुतेक याच दोन दिवसांत. खाजवायचंच असेल तर ट्रॅगस दाबून हलवावा, आत काही न घालता. उरलेली बाटली पुढच्या मे महिन्यासाठी फ्रिजच्या दारात ठेवू नये. उघडलेली बाटली महिन्याच्या वर वापरायची नसते. पहिल्या दिवशी टोपणावर पेनानं तारीख लिहिली तर हा वाद घरात होत नाही.

त्यानंतर काही आठवडे कान अगदी कोरडा, कोराकोरा राहतो. लेप अजून तयार झालेला नसतो, म्हणून या दिवसांत पाणी जपावं लागतं. मग एका सकाळी टॉवेलनं कान पुसताना छिद्राच्या तोंडाशी मधाच्या रंगाची बारीकशी रेघ दिसते. ती टॉवेलला लागेल तेवढीच लागू द्यावी.